दोन्ही हात हँडलवर

मेधाचा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. सोनईत माझं औषधांचं दुकान आहे आणि सकाळी सकाळी तिथे गर्दीच असते. ती एवढंच म्हणाली, "ताई, बाबा गेले." मी समोरच्या माणसाला त्याच्या गोळ्या दिल्या, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर ते नीट सांगितलं, आणि तो वळल्यावर शटर अर्धं खाली ओढून आत स्टुलावर बसले. पुढचा फोन आईला करायचा होता, आणि तिला कुठल्या शब्दांत सांगावं ते सुचेना... शेवटी तिनेच ओळखलं. माझा आवाज ऐकून म्हणाली, "भाऊ गेले व्हय गं?" मागून आण्णांचा, माझ्या वडिलांचा, आवाज आला, "तिला म्हनावं गाडी बघ. आमी दोघं बी येनार हाय."

हे 'भाऊ' म्हणजे मेधाचे वडील, श्रीकांत मुळे. नात्याचे नव्हेत, गावचे नव्हेत. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी फोटो आणि व्हिडिओ तपासण्यात काढली. चोऱ्या, अपघात, मारामाऱ्या, कुठल्या कुठल्या कॅमेऱ्यांत सापडलेलं पोलीस त्यांच्याकडे पाठवायचे, आणि त्यात काय दिसतं, काय दिसत नाही, हे ते लिहून द्यायचे. मी त्यांना मुळेकाका म्हणायचे. पण आमची ओळख झाली ती कोर्टात, आणि त्या दिवशी आमच्या घरातल्या कुणालाही या माणसाचं तोंड पुन्हा पाहायची इच्छा नव्हती.

अमोल माझा धाकटा भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होता. रात्रपाळी सुटली की मोटारसायकलवर उजाडता उजाडता घरी यायचा. आमची वस्ती शिंगणापूरच्या रस्त्याला, उसाच्या पट्ट्यात. त्या सकाळी धुकं होतं. घराच्या अलीकडच्या वळणावर मागून आलेल्या एका टेम्पोनं त्याला उडवलं आणि तसाच निघून गेला. वळणावर तेल-फुलांचं दुकान आहे. शनीच्या शिंगणापूरच्या रिवाजाप्रमाणे दुकानाला दार नाही, पण मालकानं कॅमेरा बसवलेला होता. त्या कॅमेऱ्यात अमोल येताना दिसतो, मग टेम्पो त्याला झाकून टाकतो, आणि मग टेम्पोची मागची बाजू धुक्यात जाताना दिसते. बस, एवढंच.

आई त्याला रोज त्या वेळेला फोन करायची. तो कुठवर आला हे कळलं की भाकरी तव्यावर टाकायची. त्या दिवशीही तिने केला. रिंग वाजत राहिली, त्याने उचलला नाही... नंतर मोबाईल सापडला तेव्हा काच फुटलेली होती, आणि वर आईचा कॉल. दुखवट्याला आलेल्या बायका आपसांत कुजबुजल्या, फोन घ्यायला गेला आणि तोल सुटला म्हणे. कुणी मुद्दाम बोललं असं नाही. पण आईच्या कानावर ते गेलं आणि तिथेच राहिलं. त्यानंतर तिने फोनला हात लावला नाही. घरात कुणाचा वाजला तरी ती उठून गोठ्याकडे जायची. मी सोनईहून दिवसातून चारदा करायचे. आण्णा उचलायचे आणि आई बाहेर हाय म्हणायचे.

आण्णांचं दुःख वेगळ्या वाटेनं गेलं. त्यांना टेम्पोवाला हवा होता. कॅमेऱ्यातल्या चित्रात नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरट ठिपका होता. मग कुणीतरी ते चित्र मोबाईलच्या एका ॲपमध्ये घालून 'साफ' केलं आणि ठिपक्याच्या जागी स्वच्छ आकडे उमटले. तो फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला, तपासाच्या कागदांतही गेला. आकडे जुळले शेजारच्या गावातल्या एका टेम्पोशी. शिंगणापूरला रोज फुलं पोचवणारा माणूस होता तो, बबन त्याचं नाव. तो रडून सांगत होता की त्या दिवशी मी गाडी बाहेर काढलीच नव्हती, पण आण्णांच्या खिशात त्या फोटोची प्रिंट होती. घडी घालून घालून तिला चिरा पडल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उलगडून दाखवायचे, "हे बगा. आकडा कसा दिसतोय."

कोर्टात मुळेकाकांची साक्ष झाली त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो होतो. सडपातळ माणूस, जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात कापडी पिशवी. आवाज इतका हळू की न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. त्यांनी सांगितलं की मूळ चित्रात नंबरप्लेटच्या जागी आकडा ओळखता येईल इतका तपशीलच नाही. ॲपने चित्र साफ केलेलं नाही; जिथे काही नव्हतं तिथे त्याने स्वतःच्या मनाने आकडे काढलेत. सरकारी वकिलांनी विचारलं, "बरं, निदान शेवटचा आकडा? तीन असेल की आठ?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." "अंदाजानं?" "अंदाजानं सांगायला मी इथे आलेलो नाही, साहेब."

आण्णा बाहेर व्हरांड्यात त्यांची वाट बघत उभे राहिले. मी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवला. मुळेकाका बाहेर आले तसे आण्णा त्यांच्या समोर जाऊन म्हणाले, "साहेब, गाडीनं एकदा मारलं माझ्या पोराला. आज तुमी दुसऱ्यांदा मारलं." माणसं थांबून बघायला लागली. मुळेकाकांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मान खाली घालून उभे राहिले, आण्णा तिथून जाईपर्यंत. मग कसली तरी सही राहिली होती म्हणून ते बाकावर बसले. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती आणि तिचं नेहमीचं चाललं होतं, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे... "म्या फोन करायला नको हुता. केला नसता तर आला आसता घरी." मला वाटलं हा माणूस ऐकत नाहीये. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

बबन सुटला. आण्णा बरेच दिवस शेतातच झोपायला जाऊ लागले.

निकाल लागल्यावर काही आठवड्यांनी, भर दुपारी, मी माहेरी असताना तीच कापडी पिशवी घेतलेला माणूस आमच्या अंगणात उभा. घोडेगावच्या फाट्यापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने आले होते. आण्णांनी ओळखलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले. मला काय करावं कळेना. पण दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं एवढं आईच्या अंगवळणी होतं. तिने तांब्या-भांडं आणलं. ते ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, मी साक्षीबद्दल बोलायला आलो नाही. साक्ष दिली ती खरी होती. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. निकाल लागेपर्यंत तुमच्याकडे येणं बरोबर नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबलो."

आई खाली बघत होती.

"त्या दिवशी बाकावर तुम्ही फोनचं म्हणत होतात. मी तो व्हिडिओ पुष्कळ वेळा बघितलेला आहे. कोर्टातून गेल्यावर त्याच एका गोष्टीसाठी परत बघितला. अमोल कॅमेऱ्यात येतो तिथपासून टेम्पो त्याला झाकतो तिथपर्यंत, त्याचे दोन्ही हात हँडलवर आहेत. मान सरळ, रस्त्याकडे. हात खिशाकडे गेलेला नाही, एकदाही नाही. त्याच्या आधी काय झालं ते मला माहीत नाही. पण टेम्पो आला तेव्हा तो फोन काढत नव्हता, ताई. तो नीट गाडी चालवत होता."

मी विचारलं, जरा तिखटपणेच, की मग हे कोर्टात का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "मला नंबरप्लेटचंच विचारलं होतं. हातांचं कुणी विचारलं नाही."

आईने मान वर केली. "तुमी माझं मन राखाया सांगताय."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मन राखायचं असतं तर त्या दिवशी कोर्टात आण्णांचं राखलं असतं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मला आजही वाटतं की तिथे, त्या एका वाक्यावर, काहीतरी हललं. जो माणूस आमच्यासाठी एका आकड्याचं खोटं बोलला नाही, तो उन्हातान्हात इथवर येऊन खोटं कशाला बोलेल?

"कसा बसला हुता त्यो?" आईने विचारलं.

मुळेकाकांनी सांगायला सुरुवात केली, पण ते शब्दांत त्यांना जमेना. अंगणात आण्णांची मोटारसायकल स्टँडवर लावलेली होती. "बसू का?" असं विचारून ते उठले. चपला काढल्या... का काढल्या कोण जाणे... आणि त्या गाडीवर चढून बसले. साठीकडे झुकलेला, सडपातळ, चष्म्याचा माणूस. त्यांनी दोन्ही हात हँडलवर ठेवले. खांदे जरा पुढे घेतले. हनुवटी किंचित वर केली. मग डावा गुडघा टाकीपासून थोडा बाहेर काढला आणि तसेच, न हलता, समोर बघत राहिले.

आईच्या तोंडातून आवाज निघाला, रडण्याचा म्हणावा असाही नव्हे. "आसाच... आसाच बसायचा. लहानपनी गाडीवरनं पडला हुता, तवापासनं त्यो गुडघा त्याला आत घेताच येईना."

"ते मला माहीत नव्हतं," मुळेकाका म्हणाले. "मला फक्त बाहेर दिसला."

आई जवळ गेली. तिने गाडीच्या हँडलवर, त्यांच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला आणि रडली. अमोल गेल्यापासून मी तिला इतकं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. मुळेकाका हात न काढता बसून राहिले, ती थांबेपर्यंत.

आण्णा गोठ्याच्या खांबाशी उभे राहून बघत होते, हे आम्हाला नंतर दिसलं. ते पुढे आले आणि त्यांनी एकच विचारलं, "मग टेम्पो कुनाचा हुता?"

"माहीत नाही, आण्णा. कळलं असतं तर सांगायला चालत आलो असतो."

आण्णांनी मान हलवली. चहा झाल्यावर त्यांनी गाडीला किक मारली आणि म्हणाले, "बसा मागं. फाट्यावर सोडतो." दोघं गेले. रस्त्यात काही बोलले की नाही, आण्णांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात माझा फोन वाजला. मी न बघताच 'काय आण्णा' म्हणाले, तर पलीकडून आई. "जेवलीस का गं?" एवढंच. मी गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून उभी राहिले.

त्यानंतर ते येत राहिले. निवृत्त होऊन नगरला सावेडीत स्थायिक झाल्यावर तर वरचेवर. बायको आधीच गेलेली, एक मुलगी, मेधा, ती बँकेत. कधी आई त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवायची, कधी ते माझ्या मुलांसाठी पुस्तकं आणायचे. 'साहेब'चे 'भाऊ' कधी झाले ते आठवत नाही. कामाबद्दल फार बोलायचे नाहीत. एकदा मी विचारलं की एवढे अपघात, एवढे खून बघून झोप कशी लागते, तर म्हणाले, "मी मरण बघत नाही गं. माणूस कसा चालतो, कुठल्या खांद्यावर पिशवी घेतो, ते बघतो. बघता बघता तो ओळखीचा होतो. मग त्याच्याबद्दल एकही शब्द जास्तीचा लिहावासा वाटत नाही."

पण आण्णांचं मन खरं वळलं ते एका फोटोमुळे. अमोलचा भिंतीवर लावण्यासारखा फोटो आमच्याकडे नव्हता. होता तो कुणाच्या तरी लग्नातला, लांबून काढलेला, पुसट. मी हौसेनं तो मोबाईलवर ॲपमध्ये घालून स्वच्छ करून घेतला, मोठा केला, फ्रेम केली आणि अमोलच्या श्राद्धाला घेऊन गेले. फोटो देखणा आला होता. गाल गुळगुळीत, दात एकसारखे. आईने हातात घेतला, पदराने पुसला, पुन्हा बघितला आणि मला परत दिला. "ह्यो कोन हाय? ह्यो माझा अमोल न्हाई."

मुळेकाका त्या दिवशी जेवायला होते. त्यांनी मूळ फोटो मागून घेतला आणि दोन्ही शेजारी धरले. आण्णा त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मुळेकाका म्हणाले, "पुसट फोटोत डोळा कसा आहे ते त्या ॲपला दिसत नाही. मग त्याने आजवर हजारो माणसांचे डोळे बघितलेत, त्यातला शोभेलसा एक बसवून दिला. चेहरा छान झाला. फक्त तो अमोलचा राहिला नाही."

आण्णा बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी... त्यो आकडा बी आसाच बशिवला?"

"असाच, आण्णा."

आण्णा हात धुवायला म्हणून उठले ते बाहेर विहिरीवर जाऊन बसले. पुढच्या शुक्रवारी ते घोडेगावच्या बाजारात गेले आणि बबनला शोधून काढलं. काय बोलले ते मला पूर्ण ठाऊक नाही. घरी आल्यावर पायऱ्यांवर बसून एवढं म्हणाले, "त्याची पोरगी त्या दिशी तापानं फनफनली हुती. दवाखान्यात हुता त्यो. सांगत हुता तवा कुनी ऐकलं न्हाई त्याचं. आमी बी न्हाई." भिंतीवर मग तो पुसट फोटोच लागला. अमोलला कुणी उडवलं, हे आम्हाला आजही माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. पण निदान चुकीच्या माणसाचा राग करत आम्ही जगत राहिलो नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी मुळेकाकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं. आम्ही जायचो. आई त्यांच्याजवळ बसून शेतातलं सगळं सांगायची, कुठली म्हैस व्याली, कांद्याचं काय झालं. ते डोळ्यांनी ऐकायचे. काही म्हणायचा प्रयत्न करायचे आणि नुसता घोगरा आवाज निघायचा, मग स्वतःच शरमून तोंड फिरवायचे. आई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या भाऊ. मी हाय की बोलाया."

मेधाचा फोन आला त्या दिवशी अमरधामात, नगरच्या स्मशानात, आम्ही पोचलो तेव्हा फार माणसं नव्हती. त्यांचे जुने सहकारी, शेजारी, मेधाच्या बँकेतले. आणि एका बाजूला, फुलांचा हार कागदात गुंडाळून हातात धरलेला बबन. एवढ्या लांब, कामाचा दिवस मोडून आलेला. आण्णा त्याच्याजवळ गेले आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. हार घालायची वेळ आली तेव्हा आण्णांनी त्याला पुढे केलं.

परवा आम्ही मेधाकडे गेलो होतो. ती मला त्यांच्या खोलीत घेऊन गेली. टेबल, संगणक, खिडकीला जाड काळा पडदा. संगणकाच्या स्क्रीनवर उजेड पडला तर रंग फसवतात, असं ते म्हणायचे. मेधा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "ताई, गंमत बघ. बाबांनी उभं आयुष्य लोकांचे व्हिडिओ बघितले, आणि त्यांचा स्वतःचा एकही नाही. मी सगळीकडे शोधला. फोटो आहेत चार-पाच, पण आवाज... दोन वर्षं मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. आता मला तो नीट आठवेनासा झालाय."

मला एकदम आठवलं. झटक्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते हुरडा खायला वस्तीवर आले होते. मी फोटो काढायला मोबाईल धरला आणि चुकून व्हिडिओ चालू झाला होता. मी फोन काढून शोधत गेले, मागे, मागे... सापडला. पुसायचा राहून गेलेला, हललेला, तिरका. त्यात त्यांचा चेहरा कुठेच नाही. गोवऱ्यांचा जाळ आहे, धूर आहे, आणि गरम कणसं तळहातावर चोळणारे दोन हात. आण्णांचा आवाज येतो, "भाऊ, फुंका की वाईच!" आणि मग त्यांचा, "अहो भाजतंय की हो हे!" आणि मग ते हसतात. खोकला येईपर्यंत, लहान मुलासारखे हसतात.

मेधा खाली खुर्चीत बसली. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने हळूच आत येऊन मेधाच्या डोक्यावर हात ठेवला. त्या खोलीत पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकू येत होतं, कणसं चोळल्याचा आवाज, जाळाची फडफड, आणि भाजलेल्या हातांनी हसणारे मुळेकाका.